ओढ्याची रुंदी

तो ओढा चालत गेलं तर पाऊण तासात संपतो. चेन्नईच्या आवडी नावाच्या उपनगराकडे सरकारी क्वार्टर्सच्या मागे एक लहानसं तळं आहे. ते भरलं की त्याच्या दगडी सांडव्यावरून जादा पाणी खाली उतरतं आणि तिथून ओढा सुरू होतो. क्वार्टर्सच्या भिंतीला धरून तो रेल्वेच्या रुळांखालच्या मोरीतून निघतो, मग अंबत्तूरच्या कारखान्यांच्या मागच्या अंगाने जातो, जिथे बारा महिने लेथच्या तेलाचा वास असतो, आणि शेवटी चार गल्ल्यांच्या परसांमागून मोठ्या तळ्याला मिळतो. इकडे तळ्याला एरी म्हणतात. ही एरी इतकी मोठी की पलीकडच्या काठावरचा माणूस बाई आहे की बुवा, तेही कळत नाही. ओढ्याला मात्र नाव नाही. लोक नुसतं ‘ओडै’ म्हणतात, म्हणजे ओढाच.

हे सगळं आज मी घडाघडा सांगतेय. पण चेन्नईतल्या माझ्या पहिल्याच वर्षी मी हा ओढा नकाशावरून पुसून टाकला होता. माझ्या हाताने, माझ्या सहीने. आणि त्यापायी या शहरातलं माझं एकुलतं एक माणूस मी गमावून बसणार होते.

मी मूळची कराडची. नकाशे करणं हा माझा धंदा. जमीन मोजायची, उपग्रहाच्या चित्राशी ताडून बघायची, रेघा ओढायच्या, अहवाल लिहायचा. त्या वर्षी एप्रिलमध्ये एका छोट्या कंपनीत नोकरी लागली म्हणून इकडे आले आणि ओढ्याच्या शेवटच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली घेतली. लग्न ठरून मोडलं होतं, त्यामुळे गावात तोंड दाखवायचा कंटाळा आला होता, हेही खरंच. लांब जायचं होतं, ते लांब आले. पण लांब म्हणजे काय ते इथे येऊन कळलं. ऑफिसात इंग्रजी, गल्लीत तमिळ, आणि रविवारी आईचा फोन. त्यातही ती विचारणार, ‘जेवलीस का?’ आणि मी म्हणणार, ‘हो.’ बाकी आठवडाभर तोंडातून मराठीचा शब्द नाही. मी मूळची तोंडाळ. भांडायला, चिडवायला, निदान भाजीवाल्याशी हुज्जत घालायला तरी माणूस लागतंच ना! इथे मी कोथिंबिरीची जुडी बोटाने दाखवायची आणि मुकाट घरी यायची. संध्याकाळी खोलीत आले की आपलाच आवाज ऐकायला म्हणून मोठ्याने वर्तमानपत्र वाचायची. वेडीच झाले असते.

जूनमध्ये एके दिवशी स्कूटर लावत होते, तेवढ्यात गल्लीतल्या एका गायीने हँडलला अडकवलेल्या पिशवीतून माझा मोजणीचा कागद ओढला आणि चघळायला सुरुवात केली. तीन दिवसांचं काम! मी तिच्या मागे धावले. ‘अगं ए भवाने, सोड! मुडदा बशिवला तुझा, सोड म्हणते ना!’ गाय ढिम्म. आणि तेवढ्यात गल्लीच्या टोकाच्या घराच्या फाटकातून आवाज आला, ‘गायीस मराठी कळत नाहीं गे. तमिळांत सांग.’

मी जागच्या जागी थिजले. फाटकात एक म्हातारी उभी होती. सुती साडी, नाकात दोन्हीकडे चमक्या, हातात तांदूळ पाखडायचं सूप. मराठी बोलत होती, पण प्रत्येक वाक्याचं शेपूट तमिळसारखं वर उचलत होती.

ती तंजावरची. तिचे पूर्वज कधीकाळी मराठ्यांच्या राज्याबरोबर तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. स्वतः ती मुलींच्या तमिळ शाळेत भूगोलाची मास्तरीण होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. तंजावरला एक भाचा होता, तो सणावाराला फोन करायचा. मी तिला ‘बाई’ म्हणू लागले, आपण शाळेतल्या शिक्षिकेला म्हणतो तसं. तिलाही ते आवडलं. महाराष्ट्र तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता, पण मी कराडची म्हणताच तिने पहिला प्रश्न काय विचारावा? ‘कृष्णा आणि कोयना तेथें समोरासमोर येऊन भिडतात म्हणे. खरें कीं पुस्तकांतलें?’

‘खरं हो बाई. मी तिथे पोहायला शिकले.’

तिने सूप खाली ठेवलं आणि फाटक उघडलं. ‘ये. आंत ये. जेवलीस कीं?’

त्या दिवशी तिने मला डांगर वाढलं. उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. ती त्याला डांगर पचडी म्हणायची, पण चव आमच्या घरचीच. मला रडू आलं. ती म्हणाली, ‘तिखट लागलें काय?’ मी म्हटलं, ‘हो.’

मग रोजचंच झालं. ऑफिसातून आले की आधी बाईंकडे, मग माझ्या खोलीवर. तिच्या मागच्या दारात आम्ही दोघी बसायचो. समोर परस, परसाला विटांची भिंत, भिंतीपलीकडे ओढ्याचा कोरडा खड्डा आणि पुढे एरी. बाई मला सारखी रागवायची. केस विंचरले नाहीत म्हणून, चप्पल उलटी काढली म्हणून, ‘झ’ नीट उच्चारत नाही म्हणूनसुद्धा. आणि मी तिला चिडवायची, ‘बाई, तुमचं मराठी बखरीतलं आहे. आमच्याकडे असं बोललं तर लोक मुजरा करतील.’ ती लटकं रागावून म्हणायची, ‘करूं देत. तुम्ही लोकांनीं मराठी बिघडविली.’ इतकं सुख मला कितीतरी वर्षांत मिळालं नव्हतं. खोटं का बोलू?

सप्टेंबरमध्ये ऑफिसने मला एक काम दिलं. ओढ्याच्या तोंडाशी, एरीच्या काठाला, एका मोकळ्या जमिनीवर कुणाला तरी प्लॉट पाडायचे होते. तिथे वाहतं पाणी आहे की नाही, याची पाहणी करून अहवाल द्यायचा. बाई त्या वेळी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तंजावरला भाच्याकडे गेली होती. मी गणपती बसवला नव्हता, घरी गेले नव्हते, चिडचिडलेली होते. दोन दिवस ओढा पायी पालथा घातला. सांडव्याचे दगड कोरडे ठाक. मोरीवर पोरांनी खडूने स्टंप काढलेले. कारखान्यांमागे ओढ्याच्या पात्रात एक न्हावी कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसलेला, पुढे कुणीतरी वडाम, म्हणजे तांदळाच्या कुरडया, वाळत घातलेले, शेळ्या, मोडकी ऑटो. तोंडाशी तर नुसतं गवत आणि वेड्या बाभळी.

मी मनात म्हटलं, पाऊसकाळ संपत आला. नागपंचमी गेली, गणपतीही गेले. आमच्याकडे या दिवसांत लहानात लहान ओहोळसुद्धा खळाळत असतो. भर पावसाळ्यात ज्याच्यात चूळ भरायला पाणी नाही, तो कसला ओढा? मेलेला ओढा. फॉर्ममध्ये एक रकाना होता, ‘पावसाळ्यातील प्रवाह’. मी लिहिलं, ‘नाही’. खाली शेरा मारला की पाहणी पावसाळ्याच्या अखेरीस केली. आणि झोकात सही ठोकली.

आता यावर काय बोलावं! तमिळनाडूत खरा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो, हे मी सातवीच्या पुस्तकात वाचलं होतं. ‘कारणे द्या’मध्ये दोन मार्कही मिळवले होते. पुढे भूगोलाची पदवी घेतली. पण डोक्यातलं ज्ञान डोक्यात राहिलं आणि अंगातलं कराड सही करून मोकळं झालं. सप्टेंबर म्हणजे इकडे उन्हाळ्याचंच शेपूट. आमचे साहेब इथलेच, त्यांच्या हे ध्यानात यायला हवं होतं. आलंही असेल. पण ज्याने काम दिलं होतं त्याला ‘नाही’ हेच उत्तर हवं होतं, आणि साहेबांनी सही केली.

बाई ऑक्टोबरमध्ये परत आली. डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात माझ्यासाठी तंजावरची, केळीच्या पानात गुंडाळलेली मोगऱ्याची माळ. त्याच आठवड्यात ओढ्याच्या तोंडाशी ट्रक आले. मुरूम, पाडलेल्या घरांचा राडारोडा, आणि खाली तोंडदेखला एक सिमेंटचा पाइप. बाईला नीट दिसत नव्हतं. तिने विचारलं, ‘कसला आवाज?’ मी म्हटलं, ‘काहीतरी बांधकाम.’ मला तेव्हाही काही उमगलं नव्हतं, देवाशपथ.

दिवाळी झाली आणि पाऊस लागला. तो पडतच राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघाले तर गल्लीच्या टोकाला गर्दी. वरचं तळं भरलं होतं, सांडवा वाहत होता, आणि ते सगळं पाणी चार गल्ल्यांमागून धावत येऊन राडारोड्याला थटलं होतं. पुढे वाट नाही म्हटल्यावर ते वळलं ते थेट बाईच्या परसात. विटांची भिंत अर्धी पडलेली. मी कमरेएवढ्या पाण्यातून मागच्या दाराने आत शिरले. स्वयंपाकघरात डबे तरंगत होते. बाई पुढच्या खोलीत पलंगावर मांडी घालून बसली होती. शाळेतले जुने भिंतीवरचे नकाशे तिने गुंडाळी करून उराशी धरलेले.

‘ओडै आला,’ ती म्हणाली. घाबरलेली नव्हती. ‘दरवर्षीं मागच्या भिंतीपर्यंत येतो आणि एरीस जातो. यंदा घरांत कां शिरला? काय केलें कोणीं?’

माझ्या पायाखालचं पाणी वाहत होतं आणि मी तिथे उभी राहून सप्टेंबर, सप्टेंबर, एवढंच म्हणत होते, मनात. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाईला पाठुंगळीला घेतली आणि माझ्या खोलीवर आणली.

पाणी उतरायला तीन दिवस लागले आणि चिखल काढायला आठ. बाई माझ्याकडे राहिली. मी रजा टाकली, फरशा घासल्या, डबे उन्हात मांडले, गाद्या फेकून दिल्या. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, सख्खी मुलगी करणार नाही एवढं करतेय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. आणि रोज ती म्हणायची, ‘कपाळाला कुंकू नाहीं, काय हा अवतार!’ आणि मी गिळून टाकायची. सांगितलं की हे संपलं. मग पुन्हा मुकाट कोथिंबीर आणि संध्याकाळचं मोठ्याने वर्तमानपत्र. मला भीती वाटत होती. नोकरी जाईल याची नव्हे. ही बाई मला परत फाटकात उभी करणार नाही, याची.

तिच्या घरी परत गेल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने मला बोलावलं. ‘कागद घे. मला दिसत नाहीं, तूं लिही. तक्रार करायची आहे.’ इंग्रजीत मजकूर सांगू लागली, वर्गात सांगावा तसा, स्वल्पविरामासकट. ओढा कुठून निघतो, कुठून जातो, कुठे मिळतो. एकही वळण चुकलं नाही तिचं, डोळ्यावर पट्टी असताना. मी लिहीत गेले. मग ती म्हणाली, ‘आतां लिही. ज्या कोणीं येथें प्रवाह नाहीं अशी पाहणी केली, तो मनुष्य एक तर मूर्ख असला पाहिजे, नाहीं तर लबाड.’

मी पेन खाली ठेवलं.

‘काय झालें?’

‘मूर्ख म्हणा बाई. लबाड नको.’

‘कां?’

‘ती मीच आहे.’

बाहेर कुणीतरी पाण्याचे कॅन उतरवत होतं, त्यांचा धप्प धप्प आवाज येत राहिला. मग बाईने एकच विचारलं, ‘कोणत्या महिन्यांत पाहिलेंस?’

‘सप्टेंबर.’

‘सप्टेंबर,’ ती म्हणाली. ‘भूगोल शिकलीस ना तूं?’

‘शिकले.’

‘ऊठ. घरीं जा.’

मी उठले. फाटक लावून घेतलं आणि वर खोलीत जाऊन ढसाढसा रडले. नंतर राग आला. स्वतःचा आला, साहेबांचा आला, राडारोडा टाकणाऱ्यांचा आला, बाईचासुद्धा आला. म्हटलं, पाठीवरून आणली, चिखल काढला, त्याचं काहीच नाही? पण हा राग टिकला नाही. चूक माझी होती आणि ती ढळढळीत होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, अहवाल चुकलाय, मला दुरुस्त करून द्यायचाय. त्यांनी कपाळाला हात लावला. पण तुंबलेल्या पाण्याचे फोटो गल्लीतल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये होते, तेव्हा त्यांनाही या लफड्यातून सुटायचंच होतं. म्हणाले, कर, पण लवकर.

या वेळी मी शहाण्यासारखं काम केलं. तालुक्याच्या कचेरीतून जुन्या मोजणीच्या नकाशाची नक्कल आणली. पावसाच्या उघडिपीत सांडव्यापासून पुन्हा चालत आले, प्रत्येक ठिकाणी पाण्याने भिंतीवर ठेवलेली खूण मोजली. न्हाव्याची खुर्ची आता रस्त्यावर होती. मोरीखालून पाणी असं धावत होतं, की पोरं वरून कागदाच्या होड्या सोडत होती. जिता जागता ओढा. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, चुकले रे बाबा.

तोंडाशी आले आणि जुना नकाशा उघडला. पलीकडच्या काठावर वेड्या बाभळीत मोजणीचा जुना दगड होता, बाण कोरलेला. जुन्या नकाशात त्या दगडापासून अलीकडे ओढ्याची रुंदी तीस फूट दाखवली होती. आज पात्र होतं बारा फूट. बारा फुटांवर बाईच्या परसाची पडकी भिंत लागत होती. उरलेल्या अठरा फुटांत तिचं परस, न्हाणीघर आणि तिचं अख्खं स्वयंपाकघर. ओढा बाईच्या घरात शिरला नव्हताच मुळी. बाईचं घर ओढ्यात शिरलेलं होतं.

मी त्या दगडावर बसून राहिले. तीस लिहिलं तर उद्या ना परवा नोटीस येणार आणि यंत्र येऊन तिचं स्वयंपाकघर पाडणार. बारा लिहिलं तर? ओढा नकाशावर परत येईल. राडारोडा निघेल. बारा फुटांतून पाणी कसंबसं जाईल, फार तर एखाद्या वर्षी पुन्हा बाईच्या पायरीशी येईल. रुंदीच्या रकान्यात आज दिसते ती रुंदी लिहिली म्हणून मला कुणीही विचारणार नव्हतं. आधीच एकदा तिचं घर बुडवलं, आता पाडू? छे! मी ठरवलं, बारा. आणि ठरवल्यावर हलकं वाटलं, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन गेले. नुसतं नावाला मोजायचं, फोटो काढायचा, संपलं. दगडाच्या फटीत टेपचं टोक अडकवत होते, ते सारखं निसटत होतं. वर बघते तर पडक्या भिंतीत बाई उभी. डोळ्यावरची पट्टी गेलेली, काळा चष्मा. आठ दिवसांनी तिचा आवाज ऐकला.

‘एकटीनें टेप कशी धरवेल? इकडे दे टोक.’

‘नको बाई, चिखल आहे.’

‘दे म्हणतें ना.’

मी ओढ्यातून फळीवरून जाऊन तिला टोक दिलं आणि परत दगडाशी येऊन टेपची चकती धरली. ती भिंतीशी उभी राहिली. मी आकडा वाचला आणि ओरडले, ‘बारा! झालं बाई, बस्स!’

ती थांबली नाही. वळली आणि चालू लागली. टेप माझ्या हातातून सरसर सुटायला लागली. ती परसातून गेली, मागची पायरी चढली, दारातून आत दिसेनाशी झाली. ‘बाई!’ मी ओरडले. ‘अहो बाई, कुठे निघालात? बारा आहे ते, बारा!’ नुसती टेप जात राहिली, अठरा, बावीस, सव्वीस. मग ताणली गेली आणि थांबली. आतून, स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यातल्या उंबरठ्यावरून, तिचा वर्गातला आवाज आला.

‘आतां वाच.’

मला वाचवेना.

‘मोठ्यानें.’

‘तीस,’ मी म्हटलं.

‘लिही.’

मी टेप तशीच टाकून धावत तिच्याकडे गेले. ती उंबरठ्यावर टेपचं टोक पायाखाली दाबून उभी होती. मी म्हटलं, ‘बाई, हे पाडतील. कळतंय का तुम्हाला? हे सगळं पाडतील.’

‘मला ठाऊक. तो दगड मी पहिल्या दिवशींच पाहिला होता,’ ती म्हणाली. ‘प्लॉट घेतला तेव्हां विकणारा म्हणाला, ओडै आतां येत नाहीं. मला घेऊन आला जूनमध्यें. मी भूगोलाची मास्तरीण, मला कळलें नसेल? पण घर हवें होतें गे. आम्हां दोघांचें कधीं घर नव्हतें. म्हणून मीहि म्हटलें, येत नाहीं.’

मी तिथेच खाली बसले. तिने मला उठवलं नाही आणि जवळही घेतलं नाही. फक्त कागद माझ्या पुढ्यात सरकवला. मी लिहिलं, तीस.

नोटीस जानेवारीत, पोंगलनंतर आली. बाईच्या स्वयंपाकघराबरोबर गल्लीतल्या आणखी तीन घरांच्या परसभिंती गेल्या. ती माणसं माझ्याशी आजही बोलत नाहीत, समोर आले तर वळून जातात. बाईने स्टोव्ह पुढच्या खोलीत आणून महिनाभर रेटलं. मी संध्याकाळी जायची, ती दार उघडायची, वाढायची, पण रागवायची नाही. केस पिंजारलेले असले तरी नाही. मला ते खाऊन टाकत होतं. मग भाचा आला. एका खोलीत, न्हाणीघराशिवाय, या वयात कशी राहणार, असं म्हणाला, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी मी तिचं सामान ऑटोत ठेवलं. नकाशांची गुंडाळी तिने स्वतःच धरली होती. भाचा कुलूप लावायला गेला तेव्हा मी धीर करून विचारलं, ‘बाई, माझ्यावर अजून राग आहे?’

‘आहे,’ ती म्हणाली. ‘पण एक सांगतें. तूं बारा लिहिलें असतेंस तर माझें स्वयंपाकघर राहिलें असतें. तुला मात्र मी पुन्हा त्यांत येऊं दिलें नसतें. मग काय करायचें होतें मला एवढें मोठें स्वयंपाकघर?’

भाचा येऊन बसला. ऑटोवाल्याने किक मारली. बाईने बाहेर हात काढून माझ्या कपाळावरचे केस मागे सारले, जोरात, जवळजवळ ओढलेच. ‘काय हा अवतार,’ म्हणाली. ऑटो वळली, दिसेनाशी झाली, तरी मी फाटक धरून उभीच होते. तेव्हापासून या एवढ्या मोठ्या शहरात मला मराठीत रागावणारं कुणी नाही.